फट न ठेवलेलं कोर्ट

जालना जिल्ह्याचा क्रीडा-इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात आमच्या दाजींसाठी एक स्वतंत्र प्रकरण ठेवावं लागेल. असा इतिहास लिहायला अजून कुणी घेतलेला नाही, ही एक अडचण आहे. दुसरी अडचण अशी की दाजी आयुष्यात कुठलाही खेळ खेळलेले नाहीत. लहानपणी विटीदांडू बघत उभे असताना विटी कपाळाला लागली आणि तेव्हापासून त्यांनी सगळ्या खेळांकडे अध्यक्षांच्या खुर्चीवरून पाहिलं. पण स्वतःच्या घरामागं, एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या फरशांचं, पांढऱ्या रेघांचं, निळं बॅडमिंटन कोर्ट करणारा अंबड तालुक्यातला पहिला माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचाही.

दाजींचं गाव वडीगोद्रीपासून आत, हमरस्ता सोडून दोन-अडीच मैलांवर. मोसंबीची बाग, स्लॅबचं घर, आणि त्या घराला न मावणारा आवाज. दाजी घरातही सभेत बोलल्यासारखे बोलत. 'मी ठरवलं' असं त्यांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ते म्हणत, 'असं ठरलं.' शेवग्याचं झाड पाडायचं असो की गव्हाऐवजी हरभरा पेरायचा असो, ते ओसरीवरून जाहीर करत, "सर्वानुमते असं ठरलं की..." मग आतून अक्काचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, आवाज येई, "सर्व म्हणजे कोण कोण व्हते?" दाजी हा प्रश्न कामकाजातून काढून टाकत. उद्घाटनाशिवाय त्यांच्या घरात काहीही सुरू होत नसे. फ्रिज आला तेव्हा त्याला हार घातला, पेढे वाटले आणि नारळ कुठं फोडायचा यावर एकमत न झाल्यामुळे तो नारळ गार करायला आत ठेवला. बोअर घेतलं तेव्हा तर मंडप होता. पाहुण्यांनी बटण दाबलं, मोटार घरघरली, पाइपातून आधी धूळ आली आणि मग नुसती हवा. दाजींनी पाइपासमोर हात धरला आणि समाधानानं म्हणाले, "पण हवा चांगली लागली." त्यानंतर जेवणं झाली. मी पुष्कळ यशस्वी समारंभ पाहिले आहेत. इतक्या निवांतपणे जेवलेले लोक मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

त्यांची आणखी एक सवय म्हणजे गोटी. दाजींच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक हिरवी काचेची गोटी असे. कुणाच्याही घरी गेले की पाणी घ्यायच्या आधी ते गोटी काढून फरशीवर ठेवत आणि ती कुठं जाते ते बघत बसत. फरशीच्या पातळीवरून माणसाची पातळी कळते, असा त्यांचा सिद्धांत. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो होतो तेव्हा मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि नेमक्या त्याच वेळी दाजींची गोटी तिच्या पायांजवळून घरंगळत माजघरात गेली. मुलीचा बाप गोरामोरा झाला. दाजी म्हणाले, "बराबर हाये. मोरी तिकडंच असंल. घर चांगलं हाये, होकार द्या मेव्हणे." मी दिला. तेवीस वर्षं झाली, अजून तरी तक्रार नाही. पाणी मोरीकडंच जातं. या गोटीपायी मात्र अंबडपासून शहागडपर्यंतच्या बहुतेक सगळ्या गवंड्यांशी दाजींची भांडणं झालेली होती. काम संपवून हातपाय धुणाऱ्या माणसासमोर कुणी उकिडवं बसून खिशातून गोटी काढली, तर भांडण व्हायला दुसरं कारण लागत नाही.

अशात अक्काला साखरेचा आजार निघाला. गावात तेव्हा मोबाइल नुकते आले होते आणि रेंजसाठी लोक गच्चीवर चढून ओरडत होते, त्या काळातली ही गोष्ट. अक्काच्या अंगठ्याला बाभळीचा काटा लागला होता आणि जखम महिना झाला तरी भरत नव्हती. अंबडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, अनवाणी चालायचं नाही म्हणून बजावलं आणि रोज पाऊण तास चालायला सांगितलं. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या आईचा पाय याच आजारानं गेला. तोही एका अंगठ्यापासूनच सुरू झाला होता. तिला औरंगाबादच्या दवाखान्यात नेलं तेव्हा लिफ्ट बंद होती. तीन जिने तिला उचलून नेलं ते दाजींनी. मी पिशव्या धरल्या होत्या. त्यामुळे अंगठ्याची जखम म्हटल्यावर आमच्या घरात कुणाला पुढचं सांगावं लागत नाही. त्या दिवशी अंबडहून जीपनं परत येताना दाजी एक शब्द बोलले नाहीत. पंचवीस-तीस वर्षांत त्यांनी इतकं लांब मौन पाळल्याचं दुसरं उदाहरण नाही.

चालणं सांगायला सोपं. पण अक्काचा प्रश्न साधा होता : "कुठं चालू?" तिच्या गावात बाई शेतात जाते, गिरणीत जाते, देवळात जाते, नुसती जात नाही. रिकाम्या हातानं निघून रिकाम्या हातानं परत येणारी बाई म्हणजे घरात काहीतरी बिनसलं, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या दिवशी ती बळंच निघाली. देवळापाशी एकीनं विचारलं, "काऊन वहिनी, कुठं निघाल्या?" दुसरीनं विचारलं, "भाऊंशी वाजलं का?" तिसरीनं काही विचारलं नाही, एक निरोप दिला आणि पुढच्या वस्तीवर पोचवायला सांगितला. येताना पुतण्या लागणारा एक पोरगा मोटारसायकल घेऊन आडवा आला, "काकू, पायी काऊन? लोक मला नावं ठेवतील," असं म्हणून त्यानं तिला बसवलं आणि थेट दारात आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी अक्का गेली नाही. तिसऱ्या दिवशी दाजींनी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमी गावाला सांगा आधी, मी येडी न्हाई म्हून. मंग चालते."

दाजी गावाला काही सांगू शकत होते, पण हे नाही. बायकोचा आजार चारचौघांत काढणं त्यांना जमणारं नव्हतं. त्या संध्याकाळी ते ओसरीवर बसून हातातल्या दोन निळ्या प्लास्टिकच्या फरशा एकमेकींत अडकवत होते आणि सोडवत होते. टक्. टक्. पुण्याच्या एका प्रदर्शनात ठिबकचे पाइप बघायला गेले असताना शेजारच्या गाळ्यातून नमुना म्हणून त्या त्यांनी आणल्या होत्या. फूटभर चौरस, जाळीदार. दोन बाजूंना कड्या, दोन बाजूंना आकडे. आकडा कडीवर ठेवून टाचेनं दाबला की बसला. ना सिमेंट, ना गवंडी, ना भांडण. वर्षभर त्या फरशांचा घरात उपयोग एवढाच होता की दाजी विचारात असले की टक् टक् ऐकू येई. त्या दिवशी आवाज बराच वेळ चालला आणि मग दाजी उठून म्हणाले, "असं ठरलं, की घरामागं बॅडमिंटनचं कोर्ट करायचं. गावातल्या तरुण पिढीसाठी."

"तरुण पिढी घरामागून येणार का?" अक्का म्हणाली.

"आधी घरच्यांनी खेळायचं. मंग पिढीचं बघू."

"मी? साडी नेसून फुलामागं पळू? कोणी बघितलं तर?"

"भिंत वाढवू," दाजी म्हणाले. आणि खरोखरच सगळ्यात आधी भिंत वाढली. मागच्या आवाराला पुरुषभर उंचीची भिंत होती, तिच्यावर आणखी चार थर चढले. फूल बाहेर जाऊ नये म्हणून, असं कारण जाहीर झालं.

फरशांखाली कोबा करायला शहागडचे एक म्हातारे मिस्त्री आले. दाजींशी अजून न भांडलेले तेवढे एकच उरले होते. तेही पहिल्या दिवशीच भांडले. फरशा विकणाऱ्यानं सांगितलं होतं, पाया सपाट हवा. दाजींची गोटीही तेच सांगत होती. मिस्त्रींनी चाळीस वर्षांत उताराशिवाय कोबा केला नव्हता. दाजी गोटी ठेवायचे, ती आवारातल्या आंब्याच्या दिशेनं चालू लागायची आणि दाजी विजयी मुद्रेनं मिस्त्रींकडे बघायचे. शेवटी मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. "गोली कू क्या पूछते पाटील? पानी कू पूछो." आणि एक बादली ओतून दाखवली. दाजींच्या आग्रहानं जिथं अगदी सपाट केलं होतं, तिथं पाणी संध्याकाळपर्यंत बसून राहिलं. मग बोटभर उतारावर तह झाला. त्यानंतर गोटी घरंगळली की दाजी आभाळाकडे बघत.

फरशा आल्या तेव्हा माहितीपत्रक इंग्रजीत होतं, म्हणून मला जालन्याहून बोलावून घेतलं. जानेवारीचे दिवस, सकाळी हात कोबावर ठेववत नव्हता इतका गारठा. मी ओसरीवर उभा राहून कलम वाचायचो, मराठीत सांगायचो आणि खाली दाजी व मिस्त्री पोथी ऐकावी तसे ऐकायचे. सहाव्या की सातव्या कलमात होतं की भिंतीपासून चारी बाजूंनी दोन बोटं जागा मोकळी सोडावी.

"फट?" दाजी म्हणाले.

"उन्हानं प्लास्टिक वाढतं. पसरायला जागा लागते म्हणतात."

"मेव्हणे, उद्या उद्घाटनाला लोक येतील. ते कोर्ट बघणार न्हाईत, फट बघतील. म्हणतील, पाटलाला माल कमी पडला."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. एवढं भांडण झाल्यावर ते तरी माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "फट रखे तो मेरा नाम खराब होता. लोगां बोलते, मिस्त्री कू नापना नै आता."

अशा रीतीनं त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते नेमकं चुकीच्या गोष्टीवर झालं. कागद खोटा होता असं त्यांचं म्हणणं नव्हतं. फट ठेवणं शास्त्राला धरून असेल, पण ते चारचौघांत शोभत नाही, एवढंच. मी घडी घालून कागद खिशात ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला ताट वाढताना ताटाचा तळ दिसू देत नाहीत. तिथं अंगणाचा तळ दाजी कसा दिसू देतील?

फरशा बसवायला दोन दिवस लागले. फरशी ठेवायची, आकडा कडीवर आणायचा, टाचेनं दाबायचा. इतकं सोपं आणि इतका सुखाचा आवाज करणारं काम गावानं पाहिलेलं नव्हतं. ऊसतोडीवरून परतलेले गडी, दूध घालायला आलेला गवळी, पोस्टमन, जो आत येई तो चपला काढून पाच-दहा फरशा दाबून जाई. काम लवकर व्हावं म्हणून दाजींनी दोन टोकांनी सुरुवात केलेली होती, लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष समोरासमोर बसतात तशी. मध्यावर दोन्ही पक्ष भेटले तेव्हा कडीसमोर कडी आली आणि आकड्यासमोर आकडा. अर्धं कोर्ट उचकून फिरवावं लागलं. शेवटी भिंतीकडेची ओळ राहिली. मिस्त्रींनी करवतीनं फरशा कापल्या, फळी लावली आणि हातोड्यानं ठोकठोकून अशा बसवल्या की भिंत आणि कोर्ट यांत पोस्टकार्ड सरकलं नसतं. दाजींनी चारी बाजूंनी फेरी मारली आणि दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली : 'पादत्राणे बाहेर काढावीत.' खळ्यावर कुणी चप्पल घालून जात नाही, मग एवढ्या देखण्या जागेवर कसं जाऊ द्यायचं? या नियमाला अपवाद एकच. जालन्याहून त्यांनी अक्कासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि काही न बोलता तुळशीजवळच्या कोनाड्यात ठेवून दिले. मोजे तिच्या मापाचे नव्हते. ते विकत घेताना मापाचं विचारायला दाजींना लाज वाटली असावी.

प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळाली ती मे महिन्यातली. उद्घाटनाआधी वापरायचं नाही म्हणून तोवर कोर्ट कडब्याखाली झाकून ठेवलेलं होतं. पाहुणे जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे माजी संचालक. अक्काच्या आजाराशी त्यांचा संबंध तेवढाच. मंडप व्यासपीठावर होता, कोर्टावर ऊन होतं आणि वेळ साडेअकराची. फीत कापून संचालक पाटीप्रमाणे अनवाणी कोर्टाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि माइक हातात घेऊन 'खेळामुळे माणसाचे पाय जमिनीवर राहतात' इथपर्यंत आले. तिथून पुढं ते एक पाय उचलून बोलू लागले. मग दुसरा. आम्हाला वाटलं मुद्द्यावर भर देतायत. त्यांच्यामागं उभे असलेले सरपंच, तलाठी, ग्रामसेवक हेही हळूहळू भर देऊ लागले. आणि त्याच वेळी कुठूनतरी आवाज आला, टक्. पुन्हा टक्. मग टक टक टक टक असा एकसारखा, आणि तव्यावरची भाकरी मधोमध टम्म फुगते तसं ते कोर्ट फुगलं. वर संचालक. इतक्या वर्षांच्या सार्वजनिक जीवनात त्यांना इतकं झटकन कुणी वर उचललेलं नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब वर चालले!" संचालकांनी माइकसकट उडी मारली. सगळे दाजींकडे बघायला लागले. दाजींनी पडलेला माइक उचलला, दोनदा फुंकला आणि धीरगंभीर आवाजात म्हणाले, "मान्यवरांच्या स्वागताला आपलं कोर्ट सुद्धा उभं राह्यलेलं हाये." टाळ्या पडल्या. त्याही दिवशी जेवणं निवांत झाली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी निरोप धाडला, "किनार काटो." दाजींनी आठवडाभर ऐकलं नाही. रोज दुपारी कोर्ट फुगायचं आणि रोज संध्याकाळी बसायचं. मग एका सकाळी कुणाला न सांगता कडेच्या ओळी चारी बाजूंनी कापल्या गेल्या आणि तिथं सदाफुलीच्या कुंड्या आल्या, फट झाकणाऱ्या. या कुंड्यांचं उद्घाटन झालं नाही. दाजींनी हार मानल्याचा मला सापडलेला हा एकमेव पुरावा.

खेळ मात्र त्यांनी लावून धरला. एका संध्याकाळी अक्का बूट घालून, पदर खोचून, रॅकेट घेऊन उभी राहिली. दाजींनी फूल उडवलं, ते त्यांच्याच पायाशी पडलं. तीनदा असं झालं. चौथ्यांदा ते आंब्यात अडकलं. अक्कानं रॅकेट भिंतीला टेकवली. "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. आत जाताना बूट काढायला वाकली तेव्हा तिच्या अंगठ्याची पट्टी ओली झालेली दाजींना दिसली. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता असंच राहिलं तर अंगठ्याचा विचार करावा लागेल. कोर्ट तयार होतं, भिंत उंच होती, बूट होते, आणि अक्का ओट्यापासून अंगणापर्यंत एवढीच चालत होती.

पण त्या कोर्टानं एक खोड लावून घेतली होती. उन्हानं फुगून फुगून मधल्या काही फरशांचे आकडे सैल पडले होते आणि रोज दुपारनंतर दहा-बारा फरशा उचकलेल्या दिसत. अक्काला न सारवलेलं अंगण बघवत नाही. ही तर निळी, डोळ्यांत भरणारी. ती संध्याकाळी बूट घालून बाहेर यायची आणि टाचेनं दाबायची. कुठली उचकलेली आहे ते लांबून कळत नसे, म्हणून एका कडेनं सुरुवात करून ओळीनं ओळ सगळ्या कोर्टावरून फिरावं लागे. टक्. आणखी चार पावलं. टक्. आवाज ऐकून भिंतीपलीकडून शेजारीण विचारायची, "काय करून राह्यले वहिनी?" अक्का म्हणायची, "काय करावं माय, फरशा उचकून राह्यल्या. बसवते." यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. बाईच्या हाताला काम होतं. पायाला होतं, असं म्हणू. पाऊण तास जायचा, कधी तास. पावसाळ्यात अंगठ्याची जखम सुकू लागली, आणि दिवाळीला मी गेलो तेव्हा पट्टी नव्हती.

मी पुन्हा गेलो तो डिसेंबरात. रात्री शेकोटी लागत होती, दुपारीही ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं, आणि तरी संध्याकाळी अक्का फरशा दाबत होती. मी इंग्रजी कागद वाचलेला माणूस. थंडीत प्लास्टिक आखडतं, फुगत नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर अक्का जरा आडवी झाली आणि मी मागच्या दारात गेलो. दाजी कोर्टाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. अनवाणी, पाटीप्रमाणे. हातात खुरपं. एक फरशी हलकेच उचकायचे, पुन्हा जागेवर नीट टेकवून ठेवायचे, मग उठून लांब दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे. दोन उचकलेल्या फरशा जवळजवळ येऊ देत नव्हते.

मला बघून ते उठले नाहीत. "देखभाल करून राह्यलो," म्हणाले.

"दाजी, तुम्ही बसवत नाही, काढताय."

बराच वेळ ते खुरप्याला लागलेली माती बोटानं काढत राहिले. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजाचा मागमूसही नाही अशा आवाजात म्हणाले, "काल दहाच काढल्या व्हत्या. ती लौकर आत गेली. आज चौदा काढल्या." आणि थोड्या वेळानं, "तुमच्या आईला मी जिन्यानं उचलून नेलं व्हतं. आठवतं ना? त्या लई हलक्या लागल्या मला, मेव्हणे. मला वाटलं व्हतं, जड लागतील."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी खुरपं माझ्याकडे सरकवलं आणि आंब्याखालची ओळ दाखवली. तिथं वाकायला त्यांच्या गुडघ्याला त्रास व्हायचा. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून चौदाच्या वीस केल्या. सभ्य माणसं एकमेकांच्या घरी जाऊन फरशा उचकत नाहीत, पण तसं ठरलं.

अक्काला हे सांगावं की नाही, याचा मी पुढं दोन-तीन वर्षं विचार केला. शेवटी एकदा ती जालन्याला माझ्याकडे आली असताना भाजी निवडता निवडता मी म्हणालो, "अक्का, त्या फरशा उन्हानं नाही निघत."

"मला म्हाईत हाये की," ती मेथीच्या काड्या बाजूला करत म्हणाली. "उन्हानं निघाल्या तर खुरप्याचा वण कसा पडंल? पहिल्याच हिवाळ्यात दिसला व्हता."

"मग त्यांना बोलली का नाहीस?"

"बोलले आसते तर त्येंनी दुसरं कायतरी काढलं आसतं. आन् त्याचं बी उद्घाटन करावं लागलं आसतं. हे बरं हाये." मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "आता त्येंचं बसणं-उठणं होत न्हाई रे. चार-पाचच काढतात. पण कुठल्या चार, हे काय मला सांगत न्हाईत. फिरावंच लागतं सगळं."

आता त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. कोर्टाचा निळा रंग उन्हानं राखाडी झालाय, पांढऱ्या रेघा कुठं होत्या ते दाजींनाच ठाऊक. मी गेलो की संध्याकाळी दाजी ओसरीवरून, आवाज थोडा उतरलाय पण तरी सभेचाच, सांगतात, "तिकडं कोपऱ्यात बघा बरं, काही उचकल्यासारखं दिसून राह्यलंय." अक्का 'बघते' म्हणते, बूट घालते आणि मुद्दाम दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात करते. ते तिच्याकडे बघत बसतात. टक् ऐकू आलं की दाजींचं एक बोट खुर्चीच्या हातावर उठतं आणि खाली येतं. सगळ्या झाल्या की ते चहा मागतात. मला त्या वेळी तिथं बसून राहावंसं वाटतं, आणि का, ते सांगता येत नाही.

एकदा अक्काबरोबर मी अंबडला गेलो होतो, तेव्हा हे सगळं डॉक्टरांना पहिल्यापासून सांगितलं : भिंत, फट, कोर्ट, खुरपं, सगळं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग जुने कागद उलटून पाहिले आणि म्हणाले, त्या पावसाळ्यात साखर उतरून जखम भरली ती गोळी बदलल्यामुळे.